समता शिकावी लागते

वाचकहो, चाळीस-पंचेचाळीस वर्षे मी नारदाच्या गादीवर उभा राहिलो. आता गुडघे उभे राहू देत नाहीत, आवाजही फाटला, म्हणून गळ्यातला टाळ उतरवून लेखणी धरली आहे. गादीवरून बोलणाऱ्याची एक सोय असते. समोरचा श्रोता मान डोलावतो, मध्येच उठून उलट विचारत नाही. कागदाचे तसे नाही. वाचणारा थांबतो, मागचे पान उलटतो, ताडून पाहतो. म्हणून गादीवरून जे बोलायचे मी टाळले, ते आज कागदावर बोलतो. काहींना राग येईल. येऊ द्या.

माझी नात पुण्याला शिकते. बी.ए. झाल्यावर तिने एम.ए.ला जो विषय घेतला, त्याचे नाव लांबलचक आहे. सोप्या भाषेत सांगायचे तर तो समतेचा आणि विविधतेचा अभ्यास. समाजात कोणाला आत घेतले, कोणाला बाहेर ठेवले, कशाने ठेवले आणि आता आत कसे घ्यायचे, हे तिथे दोन वर्षे शिकवतात. एका एकादशीला फराळाच्या वेळी मी ही गोष्ट चारचौघांत सांगितली. तेव्हा आमचे एक जुने स्नेही, स्वतः नामांकित कीर्तनकार, म्हणाले, "महाराज, समतेचं एम.ए.? आपल्याकडं तर ती बुक्क्याबरोबर फुकटात कपाळाला लावतात!" सगळे हसले. मीही हसलो. हा लेख म्हणजे त्या हसण्याचे प्रायश्चित्त आहे.

आपल्या परंपरेत सिद्धांत मांडण्याआधी पूर्वपक्ष नीट मांडावा लागतो. तोही पडका नव्हे, सबळ मांडावा लागतो. तर पूर्वपक्ष असा. पहिला आक्षेप : समता ही अंतःकरणाची गोष्ट आहे, संतांनी ती सातशे वर्षांपूर्वी सांगून ठेवली, तिचा वर्गात बसून अभ्यास कसला? दुसरा : जातिभेद विसरायचा असेल तर त्यावर पुस्तके कशाला लिहायची? खपली काढत राहिले तर जखम भरेल कशी? तिसरा : हे सगळे परदेशातून आलेले खूळ आहे, आपल्या मातीतले नव्हे.

पहिल्या आक्षेपापासून सुरुवात करू. नाम घेणे सोपे आहे, हे मी हजार वेळा सांगितले आहे. पण हे सांगण्याची पात्रता यावी म्हणून मी आळंदीत किती वर्षे काढली? माधुकरी मागून पाठांतर केले. ज्ञानेश्वरी, विचारसागर, पंचदशी. एकेका शब्दावर गुरुजींनी आठ-आठ दिवस घालवले. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, ती कशासाठी? भक्ती अंतःकरणाची गोष्ट आहे म्हणून शिक्षणाची गरज नाही, असे त्यांना वाटले असते तर संस्था निघालीच नसती. "देव एकच आहे" हे एवढेसे वाक्य कळायला आपण चार वर्षे देतो. मग "माणूस माणसासारखा आहे" हे कळायला एखाद्या मुलीने दोन वर्षे दिली, तर आपल्याला हसू का यावे?

आता या आक्षेपाच्या मुळाशी जातो. वेदान्त शिकलेल्यांना पारमार्थिक सत्ता आणि व्यावहारिक सत्ता हा भेद माहीत आहे. परमार्थात एकच ब्रह्म, दुसरे काही नाही. व्यवहारात मात्र घट वेगळा, मठ वेगळा. हा भेद शास्त्राने समजून घेण्यासाठी सांगितला. आपण त्याची पळवाट केली. समता नेऊन परमार्थात ठेवली आणि व्यवहारात पंगती वेगळ्या मांडल्या. कीर्तनात अद्वैत, भंडाऱ्यात द्वैत. आणि कोणी विचारलेच, तर म्हणायचे, "देवाच्या दारी सगळे सारखेच आहेत हो!" देवाच्या दारी सारखे. तुमच्या दारी काय?

हा प्रश्न माझा नाही. तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विचारलेला आहे. १९३६ साली त्यांचे 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट' हे पुस्तक निघाले. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर आक्षेप घेतले आणि त्यात संतांचाही दाखला दिला. बाबासाहेबांनी दिलेल्या उत्तराचा आशय असा : संतांनी देवाच्या दृष्टीने सारी माणसे समान आहेत असे सांगितले, पण माणसामाणसांत समानता असली पाहिजे यासाठी जातीविरुद्ध लढा उभारला नाही. या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिली मानायला कोणालाच अडचण पडत नाही, कारण तिने कोणाचेच काही जात नाही.

पहिल्यांदा हे वाचले तेव्हा मला संताप आला होता. म्हटले, नाथांनी वाळवंटात तळमळणारे पोर उचलून कडेवर घेतले ते काय होते? नामदेवरायांनी चोखोबांना गळ्याशी धरले ते काय होते? पण राग ओसरल्यावर दिसले, की मी संतांच्या वतीने उत्तर देत होतो आणि प्रश्न माझ्या दारात उभा होता. नाथांनी पोर उचलले. मी कोणाचे उचलले?

आणि हे लिहिणारा माणूस संतांचा द्वेष्टा नव्हता, हेही ध्यानात घ्या. १९२० साली त्यांनी 'मूकनायक' काढला, तेव्हा त्याच्या शिरोभागी तुकोबांचे वचन छापले. १९२७ साली 'बहिष्कृत भारत' काढला, तेव्हा माउलींच्या ओव्या घेतल्या. अस्पृश्यांच्या इतिहासावरचा ग्रंथ १९४८ साली निघाला, तो नंदनार, रविदास आणि आपले चोखोबा या तिघांच्या स्मृतीला अर्पण केला. संतांवर एवढी श्रद्धा ठेवूनही जो संतांच्या अनुयायांना प्रश्न विचारतो, त्याला उत्तर द्यायला टाळ पुरत नाही.

चोखोबांचीच गोष्ट घ्या. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा गेले. नामदेवरायांनी अस्थी आणल्या आणि महाद्वारासमोर समाधी बांधली. हा प्रसंग सांगताना आजवर माझा गळा दाटून आला नाही असे झाले नाही. पण नातीने मला एक साधा प्रश्न विचारला. "आबा, समाधी दाराच्या आत का नाही?" मी म्हणालो, "बाळ, तेव्हाची रीत होती." ती म्हणाली, "मग ती रीत बदलायला १९४७ साल का उजाडावं लागलं?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. चोखोबांनंतर सहाशे वर्षे त्यांचे भाऊबंद पंढरीला येत राहिले. कळसाला हात जोडून, चोखोबांच्या समाधीपाशी डोके टेकून परत जात राहिले. आपण त्यांच्या शेजारून नामघोष करीत आत जात राहिलो. १९४७च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात दहा दिवस उपाशी बसले, तेव्हा दार उघडले. मठ आपल्यापैकीच एका महाराजांचा होता, याचा मला अभिमान आहे. पण विरोध करणाऱ्यांतही माळकरी होते, हे लपवून कसे चालेल? माझे वडील सांगत, की मंदिर खुले झाल्यावर आमच्या भागातल्या काहींनी आत पाऊल टाकणे सोडले. गळ्यात माळ, मुखात नाम, आणि देव बाटला म्हणून देवाकडे पाठ. समता बुक्क्याबरोबर फुकट मिळते म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे.

आता माझीच गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय इतरांना बोलण्याचा मला अधिकार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात माझी सेवा होती. गावाचे नाव सांगत नाही, कारण तसे गाव एकच नव्हते. अभंग समतेचा घेतला होता. कीर्तन असे रंगले, की बायाबापड्यांचे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी काला झाला आणि महाप्रसादाच्या पंगती बसल्या. मला पहिल्या पंगतीत, पाटावर, रांगोळी काढलेल्या ताटाशी बसवले. मंडपाच्या पलीकडे, बाभळीखाली, वस्तीवरची माणसे घरून आणलेल्या थाळ्या घेऊन थांबली होती. त्यांत एक म्हातारा माळकरी होता. आदल्या रात्री मंडपाच्या बाहेर बसून तो मांडीवर ताल धरत होता, माझ्या ध्यानात होता. संप्रदायाची रीत काय? माळकरी भेटला की एकमेकांच्या पाया पडायचे. तो लांबूनच जमिनीला डोके टेकून पाया पडला. मी ताटावरून हात जोडले. उठून गेलो नाही. भात कालवला, जेवलो, बिदागी आणि नारळ घेतला आणि गाडीत बसलो.

वाचकहो, त्या दिवशी मला समतेचे एकही वचन आठवत नव्हते असे नाही. सगळी पाठ होती. जे पाठ होते ते पायात उतरले नाही. ते पायात कसे उतरवायचे, समोरच्या मानकऱ्याला "त्यांना इथे बसवा, नाहीतर मी तिथे बसतो" हे कसे म्हणायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते.

दुसरा आक्षेप खपलीचा. भेद विसरायचा तर त्याचा अभ्यास कशाला? आपला दोरीवरच्या सापाचा दृष्टांत आठवा. अंधारात साप दिसतो. "साप नाही, साप नाही" असे शंभर वेळा घोकल्याने तो जात नाही. दिवा आणावा लागतो, जवळ जावे लागते, निरखून पाहावे लागते. अभ्यास म्हणजे तो दिवा. शिवाय दृष्टांताला एक मर्यादा आहे. दोरीवरचा साप कोणाला चावत नाही. जात चावते. जिला विष चढले आहे तिला "विसरून जा" असे सांगणारा वैद्य नव्हे.

हा दिवा काय दाखवतो, त्याचे एक उदाहरण देतो. १९१६ सालच्या मे महिन्याची ९ तारीख. अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर गेलेल्या पंचवीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात भारतातील जातींवर निबंध वाचला. हा विद्यार्थी म्हणजे भीमराव आंबेडकर. आपल्या देशातल्या विषमतेचा पदव्युत्तर अभ्यास कोणी, कुठे सुरू केला असे मला विचाराल, तर मी हा दिवस सांगेन. त्या निबंधात त्यांनी दाखवले, की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या बंधनावर. आणि ते बंधन टिकवण्यासाठी नवरा मेलेल्या बाईला एकतर त्याच्याबरोबर जाळावे लागते, नाहीतर जन्मभर विधवा ठेवावे लागते, आणि मुलीचे लग्न ती अजाण असतानाच लावावे लागते. म्हणजे सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह आणि जातिभेद ही वेगवेगळी दुखणी नव्हेत, एकाच मुळाच्या फांद्या आहेत. मी आयुष्यभर रोटीबंदीवर बोललो, विधवेच्या दुःखावरही बोललो. पण ही दोन्ही एका गाठीने बांधलेली आहेत, हे मला सत्तरी ओलांडल्यावर नातीच्या वहीतून कळले. अंतःकरण चांगले असून भागत नाही. गाठ कुठे आहे हे बोटाला कळावे लागते, तरच ती सुटते.

दुसरे उदाहरण आपल्या वारीतलेच. इरावती कर्वे बर्लिनला जाऊन मानववंशशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेल्या विदुषी. त्या दिंडीबरोबर पंढरीला चालल्या आणि त्यावर 'वाटचाल' नावाचा लेख लिहिला. वारीवर इतके मायेने फार थोड्यांनी लिहिले असेल. पण त्या मायेतही त्यांना दिसले, की एकाच दिंडीत चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवायला मात्र वेगवेगळे बसतात. त्यांना ते रोज खुपत राहिले. हजारो वारकरी तीच वाट चालत होते, तेच पाहत होते. त्यांना खुपले नाही, कारण डोळ्यांना सवय झाली होती. अभ्यास डोळ्यांची सवय मोडतो. याला भेद वाढवणे म्हणत नाहीत.

माझ्या ट्रंकेत जुन्या सप्ताहांच्या छापील पत्रिका जपून ठेवलेल्या आहेत. मागच्या दिवाळीत नात त्या घेऊन बसली. मला वाटले, आजोबाचे नाव किती ठिकाणी आहे ते मोजते आहे. तिने वहीत रकाने पाडले : कीर्तनकार, व्यासपीठ चालक, मृदंगाचार्य, विणेकरी, चोपदार, अन्नदाते, मंडप, ध्वनिक्षेपक. प्रत्येकापुढे नावे भरली. शेवटी तीन रकाने उरले : पोळ्या लाटणाऱ्या, भांडी घासणाऱ्या, मंडप झाडणारे. त्यांच्यापुढे एकही नाव नाही. पत्रिकेत ती मंडळी "समस्त ग्रामस्थ व महिला मंडळ" या एका ओळीत जमा होती. ज्याने माइक दिला त्याचे नाव ठळक टायपात. जिने आठ दिवस चुलीपुढे धूर गिळला ती "समस्त". त्या पत्रिका मी शेकडो वेळा वाचल्या होत्या. रिकामा रकाना मला कधी दिसला नव्हता, कारण जे छापलेलेच नसते ते वाचायला निराळे शिक्षण लागते.

तिसरा आक्षेप परदेशी असण्याचा. पुणे विद्यापीठात स्त्री अभ्यास केंद्र १९८७ पासून आहे. सामाजिक वगळणूक आणि समावेशक धोरण या विषयाची केंद्रे विद्यापीठ अनुदान आयोगाने देशभर अनेक ठिकाणी चालवली. ती परदेशी असतील तर राज्यघटनेचे चौदावे, पंधरावे आणि सतरावे कलमही परदेशी म्हणावे लागेल. आणि 'विविधता' हा शब्द ऐकून ज्यांना नवल वाटते, त्यांना मी नेवाशाला घेऊन जातो. शके १२१२. गीता संस्कृतात होती. दार सगळ्यांना सारखेच होते : संस्कृत शिका आणि या! माउलींनी लोकांना त्या दाराकडे पाठवले नाही. लोकांच्या उंबरठ्याशी नवे दार काढले.

आज कायद्यात अपंगांसाठी 'वाजवी सोय' असा शब्द आहे. २०१६च्या कायद्याने अपंगत्वाचे सातऐवजी एकवीस प्रकार मानले, आणि ज्याची जशी अडचण तशी सोय करून देणे हे बंधन ठरवले, उपकार नव्हे. सगळ्यांना सारख्या पायऱ्या दिल्या म्हणजे समता झाली नाही. हे मला गुडघे गेल्यावर कळले. ज्याला जन्मापासून पायच नाहीत, त्याने माझे गुडघे जाण्याची वाट का पाहावी?

मात्र आता विद्यापीठवाल्यांनाही दोन शब्द सुनावतो, नाहीतर पक्षपात होईल. माउलींनी जे कुलूप मराठीने उघडले, तेच तुम्ही इंग्रजीने पुन्हा लावून घेतले आहे. समतेवरची नातीची पुस्तके मला वाचता येत नाहीत. ती म्हणते, तिच्या वर्गात खेड्यातून आलेल्या मुलींनाही ती पहिले सहा महिने उलगडत नाहीत. वंचितांवरचा ग्रंथ वंचितालाच वाचता येऊ नये, ही कोणती समता? दुसरे असे, की सोयराबाईंनी विटाळाबद्दल जे रोखठोक विचारले, ते तुमच्या वर्गात मूळ मराठीतून वाचले जाते का? आणि तिसरे : समतेची पदवी घेऊन त्याच पदवीचा नवा सोवळा नेसू नका. आम्ही शास्त्राचा नेसलो होतो. त्याचे काय झाले ते वर लिहिलेच आहे.

पण तुमच्या या चुकांमुळे आमचे हसणे माफ होत नाही. मंदिराच्या पूजेत सर्व जातींच्या आणि स्त्री पुजाऱ्यांना जागा मिळाली ती २०१४ साली, आणि तीही न्यायालयाने वंशपरंपरागत हक्क संपवल्यानंतर. १९४७ला उपोषण लागले, २०१४ला कोर्ट लागले. दोन्ही वेळा समता आपल्या टाळातून का निघाली नाही, हा प्रश्न एखाद्या मुलीने अभ्यासाला घेतला तर तिला आशीर्वाद द्या.

आणि आशीर्वादाबरोबर काम करा. येत्या सप्ताहाची पत्रिका छापाल तेव्हा पोळ्या लाटणाऱ्यांची, भांडी घासणाऱ्यांची, झाडणाऱ्यांची नावे घ्या, आडनावासकट. काल्याचे कीर्तन एखाद्या वर्षी बाईला द्या. आणि गावातली एखादी पोर असा विषय शिकत असेल, तर एका संध्याकाळी हरिपाठानंतर अर्धा तास तिला बोलायला सांगा. तुम्ही खाली बसून ऐका. मान डोलवायची नाही, प्रश्न विचारायचे.

तो बाभळीखालचा म्हातारा आता नसेल. त्याचे नावही मी विचारले नव्हते. एम.ए.चा प्रबंध नातीने याच विषयावर घेतला आहे, सप्ताहातल्या पंगतींवर. पहिली मुलाखत तिने माझी घेतली. पहिलाच प्रश्न होता, "आबा, तुम्ही कुठल्या पंगतीला बसला होतात?" मी खरे सांगितले. तिने खाली मान घालून लिहून घेतले. एवढी वर्षे गादीवर बोललो, पण परीक्षेला बसल्यासारखे वाटले ते त्या दिवशी.

रामकृष्णहरी.